तळाशी सोडलेली जागा

मुलुंड (पूर्व),
१२ जानेवारी १९८७

चि. सौ. अनुपमा हिस,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचं पत्र मिळालं. एस.टी.त त्रास झाला नाही असं लिहिलंस. झाला असता तरी तू तेच लिहिलं असतंस, हे मला ठाऊक आहे. पुढच्या पत्रात रक्तदाबाचा आकडा कळव. 'बरा आहे' हा आकडा नव्हे. पायांना सूज असेल तर मीठ कमी कर. मालवणच्या डॉक्टरांकडे जाताना वडिलांना बरोबर ने, शेजारणीला नको. शेजारणी रस्ताभर बाळंतपणाच्या भयकथा सांगतात.

पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत मला पटत नाही, हे तुला सांगून झालं आहे. इथे दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. पण तुझ्या आईची हौस आणि तुझीही, म्हणून सुनेपुढे गप्प बसले. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण घरात पटवून देणं काही जमलं नाही.

चंदूच्या कंपनीत नवं लेथ आलं आहे, कॉम्प्युटरवर चालणारं. सध्या घरात दुसरा विषय नाही. "आई, ते आपलं आपण चालतं. माणसाने नुसतं बघत उभं राहायचं." मी विचारलं, मग जी माणसं आजवर ते काम करत होती त्यांचं काय? तर म्हणाला, "तोच तर प्रश्न आहे ना. युनियनवाले रोज तेच विचारतात. पण मशीन बघशील तर वेडी होशील." माझं वेडी व्हायचं वय गेलं.

तळाशी जागा सोडली आहे. पत्र टाकायला जाताना तो लिहील. अख्खं पत्र लिहायचा त्याला आळस आहे; कॉलेजातून मला लिहायचा तेव्हाही 'पैसे मिळाले' एवढंच.

तुझी,
आई

अनु, आईने दोन पानं घेतली आणि मला दोन बोटं जागा. बाळाला सांग, बाप झकास आहे. काजूची बोंडं आली की कळव. रजा टाकतोच. — चंदू


चौके, ता. मालवण,
२० जानेवारी १९८७

ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

रक्तदाब एकशे चाळीस, नव्वद. आकडा लिहिला आहे, आता रागावू नका. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि डावीकडे वळून झोपायला सांगितलं. डावीकडे वळलं की बाळ लाथा मारतं. उजवीकडे वळलं की आई ओरडते, "गो, डॉक्टरान काय सांगल्यान?" मी आता बसूनच झोपते.

बाबा अगदी बदलले आहेत. संपानंतर गिरणी सुटली तेव्हा कसे झाले होते, तुम्ही पाहिलंत. आता सोसायटीच्या ऑफिसात बसतात, खताची पोती मोजतात आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात, "आमका नातू होतलो." नात झाली तर काय करणार, विचारलं तर म्हणतात, "तर नात होतली. गप रव."

खालचं फक्त ह्यांनी वाचायचं. तुम्ही वाचणारच आहात, पण वाचलं नाही असं दाखवा.

चंदू, दोन बोटं जागा आणि त्यातही स्वतःचंच कौतुक! मी इथे दोन जिवांची बसले आहे आणि तुला काजू सुचतायत. पुढच्या वेळी पूर्ण पान पाहिजे. तुझ्या त्या लेथवर लिहिलंस तरी चालेल. मला सोडायला येतोस म्हणालास तेव्हा मीच म्हटलं, रजा वाचव. आता वाटतं, आला असतास तर बरं होतं.

आपली,
अनुपमा


मुलुंड,
२७ जानेवारी १९८७

श्री. दशरथराव यांस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सोसायटीच्या पत्त्यावर पाठवते आहे. अनुपमाच्या हाती लागू देऊ नका. उभं राहून वाचू नका.

शनिवारी दुपारी कंपनीतून येताना भांडुपजवळ एका टेम्पोने चंद्रप्रकाशच्या स्कूटरला उडवलं. डोक्याला मार आहे. उजवा हात मोडला आहे, पण तो भाग सध्या बिनमहत्त्वाचा. घाटकोपरच्या इस्पितळात ठेवलं आहे. शुद्ध नाही. स्वतःचा श्वासही पुरेसा नाही. घशातून नळी घातली आहे आणि यंत्र श्वास देतं. पलंगाच्या बाजूला कपाटाएवढं धूड आहे. त्याचा भाता वर गेला की चंदूची छाती वर येते, खाली आला की खाली जाते. अंग ऊबदार आहे. दाढी वाढते. काल मी वॉर्डबॉयकडून करून घेतली.

डॉक्टर एक बाई आहेत, मृणालिनी नावाच्या. वयाने तरुण. खोटी आशा देत नाहीत, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

अनुपमाला सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर सांगावं. तिचा नवरा आहे. पण तिचा रक्तदाब तुमच्यासमोर मोजला जातो, माझ्यासमोर नाही.

आपली,
सुलक्षणा


चौके,
२ फेब्रुवारी १९८७

गं. भा. सुलक्षणाबाई यांस,
दशरथचा नमस्कार.

पत्र सोसायटीतच वाचलं आणि तिथेच जाळलं. बायकोला सांगितलं. ती दोन दिवस विहिरीवर जाऊन रडून येते आणि घरात हसते.

अनुला घेऊन पुन्हा मालवणला गेलो. एकशे साठ झालं आहे. डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता धक्का बसला तर आकडी येईल. मग आई जाईल की मूल, ते मला विचारू नका." विहीणबाई, तुमच्या पाया पडतो, तिला कळवू नका.

आमच्या देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरवाने विचारलं, काय मागायचं? जावई बरा होऊ दे म्हणालो. मग म्हणालो, बरा नाही तर निदान पोर मोकळी होईपर्यंत असू दे. देवाकडे असं अर्धं मागतात का, ठाऊक नाही. पण तुमच्याकडेही तेच मागतो. यंत्र चालू राहू दे. चालू आहे तोवर आमच्या घरी सुतक नाही, तिचं कुंकू आहे, बांगड्या आहेत. बायको म्हणते, "यंत्र चालू आसा ना? मगे जावंय जित्तो आसा." मी गिरणीत बत्तीस वर्षं काढली. माणूस नसला तरी यंत्र चालतं, हे मला ठाऊक आहे.

आपला,
दशरथ


मुलुंड,
७ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. अनुपमा हिस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. चंदूच्या स्कूटरला टेम्पोची धडक बसली. उजवा हात मोडला आहे, प्लास्टर घातलं आहे. इस्पितळात ठेवून घेतलं आहे. मी रोज जाते. ताप नाही. श्वास नियमित चालू आहे. झोपून असतो. कंपनीतली माणसं येऊन गेली.

तू येण्याचा विचार मनातही आणायचा नाही. एस.टी.चा प्रवास तुला आता बंद. मीठ कमी. गोळ्या वेळेवर. तुझं पत्र त्याच्या कानाशी बसून वाचून दाखवलं, 'खालचं फक्त ह्यांनी' धरून सगळं. तेव्हा मी ते वाचलं नाही असं आता दाखवता येणार नाही.

तुझी,
आई


चौके,
१३ फेब्रुवारी १९८७

ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग हसले. स्कूटर हळू चालव म्हणून मी किती वेळा सांगितलं! हात मोडल्याशिवाय ऐकणारच नव्हते. बाबांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना? ते गाईला पेंढा घालायला निघून गेले. त्यांना नीट खोटं बोलता येत नाही. आधीच कळवलं असतंत तर मी काय करणार होते? उडून येणार होते?

पण आई, तुमच्या पत्राच्या तळाशी जागा कोरी आहे. अगदी दोन बोटं, मोजून. उजवा हात मोडला तर डावा आहे ना? डाव्या हाताने गिरगटा म्हणावं. वाचता नाही आलं तरी चालेल. नाहीतर मी समजेन की सोडायला येऊ दिलं नाही म्हणून अजून रुसलेत. मी इथे सगळ्यांना सांगते, माझा नवरा डाव्या हातानेही लिहील, मास्तरणीचा मुलगा आहे. माझी लाज राखा.

चंदू, ऐक. एक रेघ. फक्त एक रेघ ओढ. मी ती उशाखाली ठेवीन आणि कळा आल्या की मुठीत धरीन. इथल्या बायका देवाचा अंगारा धरतात. मला तुझी रेघ पुरे.

आपली,
अनुपमा


मुलुंड,
१८ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. अनुपमा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. डाव्या हातात पेन्सिल दिली. खाली रेघ आहे.

रक्तदाब कळव.

तुझी,
आई

(तळाशी पेन्सिलीची एक रेघ: जाड, थोडी वाकडी, शेवटी खाली घसरलेली.)


मुलुंड,
१८ फेब्रुवारी १९८७

श्री. दशरथराव यांस,
सप्रेम नमस्कार.

सोमवारी डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. डोळ्यांवर प्रकाश टाकला, कानात थंड पाणी सोडलं, यंत्र थोडा वेळ काढून श्वास येतो का पाहिलं. आला नाही. मेंदूतल्या विजेची नोंद घेतली. कागदावर सरळ रेघ आली. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा केलं. तेच. यापुढे तो जागा होणार नाही, स्वतः श्वास घेणार नाही. हृदय मात्र चालतं, कारण त्याला प्राणवायू मिळतो आहे.

मी विचारलं, "म्हणजे माझा मुलगा गेला का?"

मृणालिनीबाई म्हणाल्या, "परदेशात काही ठिकाणी याला मृत्यू म्हणतात. आपल्या कायद्यात अजून तसं काही नाही. मी दाखला लिहू शकत नाही."

"कायदा राहू दे. तुम्ही काय म्हणता?"

"माझ्या मते, सोमवारी."

मग म्हणाल्या, की त्या अशा रुग्णांचा अभ्यास करत आहेत आणि नातेवाइकांना एक प्रश्न विचारतात: तुमच्या मते तुमचं माणूस कधी गेलं? मला राग आला. मी म्हटलं, "प्रश्न तुमच्या यंत्राने उभा केला आणि उत्तर आमच्याकडून लिहून घेता?" त्या म्हणाल्या, "आमच्याकडे असतं तर विचारलं नसतं, बाई. हे यंत्र शिकवताना हा धडा कुणी शिकवला नाही." बाई शरमल्या नव्हत्या, रडवेल्या झाल्या होत्या. मला त्या आवडतात.

अनुपमाने रेघ मागितली होती. मी त्याच्या डाव्या हाताच्या बोटांत पेन्सिल धरली, वरून माझा हात ठेवला आणि ओढली. हात ऊबदार होता. तिला लिहिलेल्या पत्रात एकही वाक्य खोटं नाही. एवढी सावधगिरी मी कुठल्याच परीक्षेत पाळली नव्हती. पण पाकिटावर 'सौ.' लिहिताना पेन अडलं. लिहिलं.

आणखी एक गोष्ट आहे. समोरच्या पलंगावर जानकी नावाची बाई आहे, माहुलची. पंचविशीची, दोन मुलांची आई. तापानंतर पायांतली ताकद गेली, मग हातांतली, आता छातीतली. डॉक्टर म्हणतात, काही आठवडे श्वास देता आला तर ती पूर्ण बरी होईल. इस्पितळातली दोन यंत्रं दुसऱ्या दोघांना लावलेली आहेत, तिसरं चंदूला. म्हणून तिला रबरी फुगा दाबून श्वास देतात. दिवसा नातेवाईक पाळीपाळीने दाबतात. तिची आई सोनूबाई सगळ्यात जास्त. बोटं सुजली आहेत. शुद्धीवर असलेली मुलगी आईच्या हाताकडे टक लावून बघत असते, थांबतो की काय म्हणून.

तुम्हाला मी शब्द दिला नव्हता. पण नाकारलंही नव्हतं.

आपली,
सुलक्षणा


चौके,
२४ फेब्रुवारी १९८७

गं. भा. सुलक्षणाबाई यांस,
दशरथचा नमस्कार.

रेघ मिळाली. अनुने ती अख्ख्या वाडीला दाखवली. "बघा, कशी वाकडी काढलीय, शाळेत असाच असणार." हसत होती. रक्तदाब खाली आला. एकशे तीस. डॉक्टरही चकित झाले. त्या रेघेने ते केलं. मी उठून परसात गेलो.

जानकीचं वाचलं. वाईट वाटलं. पण विहीणबाई, ती दुसऱ्याची पोर. त्यांचंही कुणीतरी बघेल. आमच्या पोरीला आता फार तर दोन आठवडे. यंत्र काढू नका. मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही, संपातही नाही. एवढं द्या.

आपला,
दशरथ


मुलुंड,
२५ फेब्रुवारी १९८७

श्री. दशरथराव यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या उत्तराची वाट पाहिली नाही. ते काय असेल ते मला ठाऊक होतं.

काल सोनूबाई मला म्हणाली, "बाई, तुमच्या पोराचं काय सांगतात?"

"काही सांगत नाहीत."

"म्हंजे?"

"म्हणजे गेला."

ती फुगा दाबतच होती. यंत्राकडे बघून म्हणाली, "मग ही हवा कुनाला चाललीय?"

तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. आणि ज्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही त्यावर बसून राहायची मला सवय नाही.

आज सकाळी मी सही केली. पत्नीची सही हवी होती. पत्नी गावी आहे, अवघडलेली आहे, असं लिहिलं. नळी काढली तेव्हा मी त्याचा डावा हात धरून होते. हृदय काही वेळ चाललं, मग थांबलं. यंत्र दुपारी जानकीला लावलं. मी ते बघायला थांबले नाही. मुलुंडच्या स्मशानात कंपनीतली मुलं होती.

यापुढे मी अनुपमाला पत्र लिहू शकत नाही. आजवर जे लिहिलं ते शब्दाला शब्द खरं होतं. आता 'सौ.' लिहिलं तर ते खोटं होईल, आणि न लिहिलं तर तिला कळेल. ती मोकळी झाली की तार करा. मग मी स्वतः येऊन सांगेन. तुम्ही सांगायचं नाही. ते काम माझं आहे.

सुलक्षणा


चौके,
१२ मार्च १९८७

ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

बाबांची तार मिळाली असेलच. आठ तारखेला पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाक तुमचं, कान ह्यांचे. बाबा खताची पोती सोडून घरात बसतात आणि तिच्या जावळाला हात लावून म्हणतात, "हां, नात झाली. मी काय बोललेलंय?"

तुमचं पत्र का नाही? ह्यांना घरी आणलं का? मी रेघ मुठीत धरली होती. दवाखान्यातली सुईण म्हणाली, "गो, कागद भिजतलो." भिजला. पण रेघ पेन्सिलीची आहे, पुसली नाही. आई, तुम्ही हुशार; शाई दिली असती तर गेली असती.

इथे शिमगा सुरू आहे. खेळे येतात, बाळाला बघून नाचतात. मी आतून बघते आणि हसते. इतकी हसते की टाके दुखतात. आईच मला ओरडते, मग स्वतःच डोळे पुसते. सगळे भारी हळवे झाले आहेत.

चंदू, तुझी लेक रात्रभर जागते. रुसवा पुरे. आता दोन बोटं नाही, तळहाताएवढी जागा घे. नाव काय ठेवायचं? बारशाला ये. प्लास्टर घेऊन आलास तरी चालेल.

आपली,
अनुपमा


चौके,
६ एप्रिल १९८७

सुलक्षणाबाई यांस,

तुम्ही रंगपंचमीला आलात. घरात पाऊल टाकलंत तेव्हा शेजारच्या पोरांनी बाळाच्या गालाला गुलाल लावला होता. तुम्ही माझ्यासमोर पाटावर बसलात, सगळं सांगितलंत, सुरुवातीपासून, काही गाळलं नाही. पाणीही प्यायला नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने गेलात. जाताना बाळाला घेतलं नाहीत. मी दिलं नाही, हे खरं. पण तुम्ही मागितलंही नाहीत.

तेव्हा ऐकून घेतलं. आता विचारते.

सही माझी हवी होती. तुम्ही ते कागदावर लिहिलंत. मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाहीत, असं बाबा म्हणतात. कदाचित मी नाही म्हटलं असतं. कदाचित हो म्हटलं असतं. ते आता मला कधीच कळणार नाही. ते तुम्ही माझ्याकडून घेतलंत.

पंचवीस फेब्रुवारीपासून मी हिरव्या बांगड्या घालून, डिंकाचे लाडू खाऊन, नाचणाऱ्यांना बघून हसत होते. माझ्या आईला ठाऊक होतं. तीच माझ्या कपाळाला कुंकू लावत होती. ती आता मला तोंड दाखवत नाही, मीही तिला नाही.

माझी मुलगी सोयरात जन्मली की सुतकात? कुणाला विचारू?

आणि रेघ. ती मी मुठीत धरली होती. खरं सांगा, ती कुणाची?

बाबा म्हणतात वर्षश्राद्धाला तिथी लागेल. डॉक्टरणीच्या मते एक, दाखल्यावर दुसरी, आणि स्कूटरवरून पडला तो दिवस तिसरी. तुमच्या यंत्राने माझ्या नवऱ्याला तीन वेळा मारलं. मी कोणती धरू?

अनुपमा


मुलुंड,
१४ एप्रिल १९८७

चि. अनुपमा हिस,

'सौ.' गाळलं आहे. 'गं. भा.' लिहिणार नाही. मला लोक लिहितात. मला कधीच आवडलं नाही. तू नुसती अनुपमा.

विचारलंस त्याची उत्तरं देते.

सही तुझी हवी होती. विचारलं नाही, कारण तुला आकडी आली असती तर मी दोघांना मुकले असते. आणि तू नाही म्हटलं असतंस तर मी ते मानलं असतं, आणि सोनूबाईची बोटं बघत बसले असते. तुझ्या वडिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मी माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यावी लागेल, आणि ते ओझं तुझ्यावर टाकायचा मला अधिकार नाही.

रेघ: हात त्याचा, ऊब यंत्राची, दाब माझा. यातलं काय वजा केलं की बाकी उरते ते मी पुष्कळ दिवस मांडून पाहते आहे. मृणालिनीबाईंनाही सांगितलं. त्यांनी लिहून घ्यायला वही उघडली आणि तशीच मिटली.

जानकी बरी झाली. गेल्या आठवड्यात काठी टेकत घरी येऊन गेली, सोनूबाईच्या आधाराने. सुके बोंबील आणले होते. मी चहा केला. ती चंदूच्या फोटोसमोर उभी राहिली आणि श्वास घेत होती, हळूहळू, स्वतःचा. मी तो ऐकत होते. तिला बघून समाधान झालं असं तुला लिहिलं तर ते माझं पहिलं खोटं होईल. मला वाटलं, हा श्वास माझ्या मुलाचा आहे, परत दे. मग मी तिला आणखी चहा विचारला.

शाळेत मी मुलांना सांगायची, प्रत्येक नवं यंत्र जुन्या प्रश्नाचं उत्तर घेऊन येतं. नवा प्रश्नही घेऊन येतं, आणि तो ज्यांच्या पदरात पडतो त्यांना आधी विचारलेलं नसतं, हे पुस्तकात नव्हतं.

तिथी मी सांगणार नाही. एकदा तुझ्याऐवजी मी ठरवलं. पुन्हा नाही. तू ठरवशील ती मी पाळीन.

बाळाला मागितलं नाही, कारण तू नाही म्हटलं असतंस तर मला ते उभं राहून ऐकता आलं नसतं. मी चौक्याहून मालवणच्या स्टँडपर्यंत चालत गेले.

तळाशी जागा सुटली आहे. मुद्दाम नाही. हाताला सवय झाली आहे.

आई


चौके,
१९ जुलै १९८७

ती. आई यांस,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहायला बसले की शिव्या यायच्या, आणि तुमच्या पत्रातलं 'परत दे' आठवलं की त्या थांबायच्या.

भटजींना तिथीचं विचारलं. ते म्हणाले, माणूस दूर देशी गेलेलं असलं आणि तिथी ठाऊक नसली, तर बातमी कानी आली ती तिथी धरायची रीत आहे. तुमच्या तिन्ही दिवशी मी इथे हसत होते, नाहीतर झोपले होते. त्या तारखा तुमच्या, डॉक्टरणीच्या आणि टेम्पोवाल्याच्या. माझ्यासाठी हे फाल्गुन वद्य पंचमीला गेले, तुम्ही पाटावर बसून तोंड उघडलंत तेव्हा. तीच पाळा. दरवर्षी लोक रंग खेळत असतील आणि आपण पानं मांडू. मृणालिनीबाईंना सांगा, चौथी तारीख लिहून घ्या.

मुलीचं नाव लता ठेवलं. बाबा जानकी म्हणत होते. मी नको म्हटलं. तिला कुणाचंही काही देणं लागायला नको, नावाचंसुद्धा. लता आमच्यात कुणी नव्हती, म्हणून लता.

आईशी बोलते आता. थोडं.

गणपतीला मुलुंडला येईन. राहायचं की नाही ते तिथे आल्यावर बघू. त्यांचा टॉवेल, दाढीचं सामान, स्कूटरची किल्ली, काही हलवलं असेल तर परत होतं तिथे ठेवा. मला ते मीच हलवायचं आहे.

जुनी रेघ माझ्याकडेच आहे. फाडणार होते. फाडली नाही.

खाली लताने काढलं आहे. सध्या हातात येईल ते घट्ट धरते. मुठीत पेन्सिल दिली आणि कागद पुढे केला. मी तिचा हात धरलेला नाही.

अनुपमा